शेतकऱ्याचं पोरगं राजा झालं अन् पुस्तकांची पेटी गावोगाव गेली

महाळुंगे पडवळ : हुतात्मा बाबू गेनू यांचं गाव म्हणून महाळुंगे पडवळ सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. साध्या घरातला माणूस केवढं काम करून जातो, हे इथं कुणाला वेगळं सांगायला नको. पुणे-नाशिक रस्त्याने पुढं गेलं की नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात कौळाणे गाव लागतं. तिथल्या एका शेतकऱ्याच्या पोरानं गावोगावच्या वाचकांसाठी मोठं काम करून ठेवलं. ते म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड.

बाराव्या वर्षी अक्षरओळख

सयाजीरावांचा जन्म १८६३ सालचा. मूळ नाव गोपाळराव, वडील काशीराव. घराणं गायकवाडांचं, पण घरी शेतीच. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून दूर केलं. तेव्हा महाराणी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतलं. वय बारा आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. तिथून अभ्यासाला जी सुरुवात झाली ती कायमची. १८८१ मध्ये राज्यकारभार हातात आला, पण वाचन सुटलं नाही.

अक्षर उशिरा भेटल्यामुळंच की काय, त्याची किंमत त्यांना पक्की कळली होती. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत त्यांनी सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू झालं.

शाळा झाली, पुढं काय?

पोरं शाळेत जाऊ लागली, पण नवी अडचण पुढं आली. शाळा सुटल्यावर गावात वाचायला काहीच नसेल, तर शिकलेलं चार-दोन वर्षांत विसरायला होतं. अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी तिथले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणलं. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. महाराजांनी राजवाड्यातली स्वतःची सुमारे २० हजार पुस्तकं त्याला देऊन टाकली. बायकांसाठी आणि मुलांसाठी वाचनाची वेगळी सोय झाली. वाचायला फी नव्हती.

पण शहरातल्या ग्रंथालयाचा खेड्यातल्या माणसाला काय उपयोग? बडोदा संस्थान सलग नव्हतं, त्याचे तुकडे गुजरातभर विखुरलेले. म्हणून फिरती ग्रंथालयं निघाली. कुलपाची एक मजबूत लाकडी पेटी, तिच्यात पंधरा ते तीस पुस्तकं. गावातल्या शिक्षकानं किंवा जबाबदार माणसानं मागणी करायची, पेटी गावात यायची. येण्या-जाण्याचं भाडं सरकार भरायचं. मुदत संपली की ती परत जायची, दुसरी यायची. एका गावानं वाचलेलं पुस्तक मग पुढच्या गावाला मिळायचं.

ज्या गावाला कायमचं वाचनालय हवं, तिथं खर्चाचे तीन वाटे होते. एक गावकऱ्यांच्या वर्गणीचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा. गावानं आपला वाटा उचलला की बाकीचे दोन मिळत. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. इथं गावाचा पैसा असल्यानं वाचनालय गावाला आपलं वाटायचं. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकांनी हे काम खेड्यापाड्यात नेलं.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी वारले. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती देणारे राजे म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात. पुस्तकाची पेटी मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही.

आज महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. तरी एका गावात कपाट भरून पुस्तकं आणि शेजारच्या वाडीतल्या स्पर्धा परीक्षेच्या पोराला तालुक्याला हेलपाटे, असं होतंच. कळंब, चांडोली, महाळुंगे यांच्यात अंतर ते किती! शिवाराची हद्द शेताला असते, पुस्तकाला कशाला हवी? शेजारच्या गावचा वाचक आला तर त्याचंही नाव रजिस्टरला लिहून घ्यावं, आपल्याकडं दोनदा वाचून झालेली पुस्तकं महिनाभर पलीकडच्या शाळेत ठेवावीत. एवढ्याला राजा लागत नाही. एक पेटी अन् ती सांभाळणारा एक भरवशाचा माणूस पुरे.