जॉन अँडरसन (व्हायकाउंट वेव्हर्ली)

जॉन अँडरसन, पहिले व्हायकाउंट वेव्हर्ली (८ जुलै १८८२ – ४ जानेवारी १९५८) हे ब्रिटिश सनदी अधिकारी व राजकारणी होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील घरांच्या परसात पुरलेला ‘अँडरसन निवारा’ त्यांच्या नावाने ओळखला जातो.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या अँडरसन यांचे शिक्षण एडिंबरा येथे झाले. पुढे लाइपझिग विद्यापीठात त्यांनी युरेनियमच्या रसायनशास्त्राचा अभ्यास केला. १९०५ मध्ये ते सनदी सेवेत रुजू झाले. १९३२ ते १९३७ या काळात ते बंगालचे गव्हर्नर होते. तेथे क्रांतिकारकांविरुद्ध त्यांनी कठोर दडपशाही अवलंबली. संशयितांना खटल्याविना स्थानबद्ध केले जाई. ८ मे १९३४ रोजी दार्जिलिंगजवळील लेबाँगच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, परंतु ते बचावले. या प्रकरणी भवानीप्रसाद भट्टाचार्य यांना १९३५ मध्ये फाशी झाली.

१९३८ च्या उत्तरार्धात हवाई हल्ल्यांपासून नागरिकांच्या संरक्षणाची जबाबदारी अँडरसन यांच्याकडे आली. निवाऱ्याचा आराखडा मात्र विल्यम पॅटरसन व ऑस्कर कार्ल केरिसन या अभियंत्यांचा होता. आपल्याकडे गोठ्यांवर दिसतात तसे जस्ताचा मुलामा दिलेले सहा पन्हळी पत्रे, मात्र जाड पोलादाचे व वक्र, माथ्यावर बोल्टांनी जोडून कमान केली जाई; दोन्ही टोकांना सपाट पत्रे बसवीत. साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद व सहा फूट उंच असा हा सांगाडा सुमारे चार फूट खोल खड्ड्यात उभारून त्यावर किमान १५ इंच माती टाकली जाई. आत सहा माणसे मावत. जवळ बॉम्ब फुटल्यास पन्हळी पत्रा न तुटता वाकत असे व धक्का सोसत असे. थेट माथ्यावर पडलेल्या बॉम्बपुढे त्याचा उपयोग नव्हता. खड्ड्यात पाणी साचे आणि थंडीत रात्र काढणे कठीण होई. मातीच्या थरावर अनेकांनी भाजीपाला पिकवला.

फेब्रुवारी १९३९ मध्ये लंडनच्या इझ्लिंग्टन भागापासून वाटप सुरू झाले. वार्षिक उत्पन्न २५० पौंडांहून कमी असलेल्यांना निवारा विनामूल्य, इतरांना ७ पौंडांना मिळे. एकूण सुमारे ३६ लाख निवारे तयार झाले. तथापि योजनेचा मूळ दोष पत्र्यात नव्हता: ज्याला परसच नाही, त्या दाट वस्तीतील गरिबाला हा निवारा विनामूल्य असूनही निरुपयोगी होता. जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारखे शास्त्रज्ञ जमिनीखाली खोल सार्वजनिक निवाऱ्यांची मागणी करीत होते. अँडरसन यांनी ती मान्य केली नाही. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू होताच लोकांनी भुयारी रेल्वेच्या स्थानकांचा आश्रय घेतला. ऑक्टोबरमध्ये गृहमंत्रिपद हर्बर्ट मॉरिसन यांच्याकडे गेले आणि १९४१ पासून घरातच मांडता येणारा, मेजासारखा पोलादी निवारा देण्यात येऊ लागला.

अँडरसन पुढे १९४३ ते १९४५ या काळात अर्थमंत्री होते. ब्रिटनच्या अणुबॉम्ब प्रकल्पाची मंत्रिमंडळातील जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. १९५२ मध्ये त्यांना व्हायकाउंट ही पदवी मिळाली. युद्धानंतर अनेक निवाऱ्यांचे पत्रे उपसून काढण्यात आले. काहींच्या बागेत अवजारे ठेवण्याच्या खोपी झाल्या.