तांबटाचा मुलगा

सबमिशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. दोन पलंगांच्या मध्ये काच, काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर सिनिअरची शीट आणि तिच्यावर माझी कोरी शीट... हे दृश्य आपल्यापैकी कुणालाच नवीन नाही. यालाच आपण प्रेमाने जीटी म्हणतो, ग्लास ट्रेसिंग! पहाटे चारला माझा दुमजली बंगला बांधून पूर्ण झाला. सकाळी ओरलला सरांनी वरच्या मजल्यावरच्या एका खांबावर पेन्सिल टेकवली आणि हा खांब इथेच का, एवढंच विचारलं. मला काय माहीत? सिनिअरच्या शीटमध्ये तो तिथे होता म्हणून माझ्या शीटमध्येही होता! मी गप्प उभी राहिले. सरांनी काही न बोलता शीट परत केली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तोंड लपवायला लायब्ररीत जाऊन बसले. तिथे एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, अंतोनी गौदी या आर्किटेक्टचं. फोटो बघायला म्हणून उघडलं आणि मेसची वेळ टळून गेली तरी उठवेना. ही त्याचीच गोष्ट. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीत काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.)

गौदीचा जन्म 25 जून 1852 चा. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात, रेउस गावच्या परिसरातला. वडील तांबट, आजोबाही तांबट. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी माठारकाम पाहिलंय, त्यांना हे घर लगेच कळेल. सपाट पत्रा घ्यायचा, ठोकत ठोकत त्याला गोलाई आणायची आणि पोकळ भांडं उभं करायचं. कागदावर आधी काही काढायचं नाही. आकार हातात आणि डोळ्यात. पुढे मोठा झाल्यावर गौदी आपल्या कलेचं श्रेय वडिलांच्या या कामाला द्यायचा. आपण ड्रॉइंगमध्ये प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन असे तीन तुकडे करून वस्तू समजून घेतो. याला ती लहानपणापासून अख्खी दिसत होती.

लहानपणी त्याला संधिवाताचा त्रास होता. बरोबरीची मुलं खेळायची तेव्हा याला बसून राहावं लागे, आणि लांब जायचं तर गाढवावर बसून. बसून काय करणार? बघणार! झाडाची फांदी खोडातून कशी फुटते, गोगलगायीचा शंख कसा वळतो, हाड कुठे जाड असतं आणि कुठे बारीक. त्याच्या इमारतींमध्ये पुढे जे जे आलं, त्यातलं बरंच या सक्तीच्या बसण्यातून आलेलं आहे.

1868 मध्ये तो शिकायला बार्सेलोनाला आला. आता हॉस्टेलवाल्यांनी कान टवकारून ऐका. गौदी काही टॉपर नव्हता. मार्क बेताचे, आणि मधूनमधून विषय राहायचे, आपल्या भाषेत केटी! घरची परिस्थिती ओढाताणीची, त्यामुळे शिकता शिकता तो बांधकाम करणाऱ्यांकडे ड्राफ्ट्समन म्हणून काम करायचा. त्यातच 1876 मध्ये नुकताच डॉक्टर झालेला भाऊ आणि पाठोपाठ आई, दोघंही गेले. 1878 मध्ये एकदाची पदवी मिळाली. पदवी देताना कॉलेजच्या डायरेक्टरने म्हणे अशी शंका बोलून दाखवली, की आपण हे सर्टिफिकेट एका वेड्याला देतोय की एका अलौकिक बुद्धीच्या माणसाला, ते काळच ठरवेल.

तरुणपणीचा गौदी नीटनेटका आणि थोडा छानछोकीचा होता. उत्तम कपडे, व्यवस्थित राखलेली दाढी. हातमोज्यांच्या एका व्यापाऱ्यासाठी त्याने काचेचं शोकेस डिझाइन केलं. ते 1878 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं होतं आणि तिथे एउसेबी गुएल नावाच्या कापडगिरणीच्या मालकाला ते फार आवडलं. त्याने गौदीला शोधून काढलं. एका शोकेसवरून पुढे 40 वर्षांची मैत्री झाली. गुएलने त्याला वाडा बांधायला दिला, बाग दिली, गिरणीच्या वसाहतीतलं चर्चही दिलं. प्रेमाच्या बाबतीत मात्र नशीब एवढं चांगलं नव्हतं. जोसेफा मोरेउ नावाच्या शिक्षिकेवर त्याचं मन बसलं होतं, तिने नकार दिला. त्याने पुढे लग्न केलंच नाही.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

बार्सेलोनाजवळच्या गिरणी कामगारांच्या वसाहतीत, म्हणजे कोलोनिया गुएलमध्ये, चर्च बांधायचं काम 1898 मध्ये गौदीकडे आलं. दुसरा कुणी असता तर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसला असता. गौदीने छताला दोऱ्या बांधल्या!

आपल्या हॉस्टेलच्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी असते, ती डोळ्यासमोर आणा. रिकामी असते तेव्हा स्वतःच्या वजनाने ती एका सुंदर वक्रात लोंबते. हाच तो कॅटेनरी. तिच्यावर मधोमध ओली जीन्स टाका, लगेच तिथे कोपरा पडतो. बाजूला टॉवेल टाका, अख्ख्या दोरीचा आकार परत बदलतो. जिथे जेवढं वजन, तिथे तेवढा वाक. हे गणित दोरी आपोआप करते, आणि कधी चुकत नाही. दोरी फक्त ताण घेऊ शकते, दाब नाही. म्हणून लोंबत असताना तिच्यात नुसता ताण असतो. आता तोच आकार उलटा करा. सगळीकडे ताणाच्या जागी दाब येतो. आणि दगड-विटांना काय सोसतं? दाब! ताण दिला की त्या तडकतात. म्हणजे उलटी केलेली दोरी ही दगडी कमानीसाठी अगदी योग्य आकृती. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने 1675 मध्येच हे तत्त्व मांडलं होतं. पण एका कमानीसाठी एक साखळी लोंबवणं वेगळं आणि अख्खं चर्च लोंबवणं वेगळं.

गौदीने अख्खं चर्च लोंबवलं. मॉडेल प्रत्यक्षाच्या एक दशांश मापाचं, सुमारे 4 मीटर उंच. प्रत्येक खांबासाठी, प्रत्येक कमानीसाठी दोरी, आणि दोऱ्यांना शिशाचे छर्रे भरलेल्या चिमुकल्या पिशव्या. पिशवीतला 1 ग्रॅम म्हणजे खऱ्या इमारतीतले 10 किलो. एका पिशवीत चार छर्रे जास्त टाकले की शेजारची दोरी सरकणार, तिच्यामुळे तिसरी, आणि मग परत सगळं जुळवायचं. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. मॉडेल जमलं की त्याचा फोटो काढायचा, फोटो उलटा धरायचा आणि त्यावर रंगवून इमारत बघायची. या खटाटोपाला किती वेळ लागला असेल? एक सेमिस्टर? एक वर्ष? दहा वर्षं! 1908 मध्ये बांधकामाला सुरुवात झाली.

आणि एवढं करून ते चर्च पूर्ण झालं का? नाही. गुएल कुटुंबाने पैसे थांबवले आणि 1914 मध्ये गौदीने काम सोडलं. फक्त खालचा भाग उभा राहिला. तिथले काही खांब तिरके आहेत, कारण दोऱ्या तिरक्या लोंबत होत्या. प्रत्येक खांब तिथेच का आणि तेवढाच का कललेला, याचं उत्तर दोरीने दिलेलं आहे. हे वाचताना मला माझ्या शीटवरची ती पेन्सिल आठवली.

बार्सेलोना शहरातल्या त्याच्या बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात सांगते. गुएल पार्क ही खरं तर 60 प्लॉटची श्रीमंतांची कॉलनी व्हायची होती. स्कीम साफ पडली, कुणी प्लॉट घेईना, आणि आज तिथे जगभरचे लोक बाग बघायला येतात. वरच्या मोठ्या चौकात पडणारं पावसाचं पाणी खालच्या 86 खांबांपैकी काहींच्या पोटातून टाकीत उतरतं. बागेतल्या नागमोडी बाकावर फुटक्या टाइल्सचे तुकडे जडवलेत. कासा मिला या इमारतीला तर लोकांनी पेद्रेरा, म्हणजे दगडाची खाण, असं नाव ठेवलं, पेपरात व्यंगचित्रं आली. मालकाशी फीवरून भांडण झालं, कोर्टात केस गेली, गौदी जिंकला आणि मिळालेले पैसे त्याने नन्सना देऊन टाकले. 1984 मध्ये यातल्या काही इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

पण त्याचं सगळं आयुष्य गिळलं ते साग्रादा फॅमिलिया या चर्चने. काम सुरू झालं 1882 मध्ये दुसऱ्याच आर्किटेक्टच्या हाताखाली, आणि 1883 मध्ये ते 31 वर्षांच्या गौदीकडे आलं. दर्शनी भागावरच्या मूर्तींसाठी त्याने आजूबाजूच्या साध्या माणसांना उभं केलं, कोंबड्यांचे प्लास्टरचे साचे काढले. गाढवाचा साचा काढायला जिवंत गाढवाला झोळीत घालून वर उचललं होतं! 1909 मध्ये कामगारांच्या मुलांसाठी आवारातच एक छोटी शाळा बांधली. तिचं छप्पर पातळ विटांचं, लाटांसारखं वरखाली होणारं. भिंत नागमोडी केली की पातळ असूनही ती पडत नाही. वहीचं पान सरळ उभं राहत नाही, घड्या घातल्या की राहतं, तसंच.

जवळची माणसं एकेक करून जात होती. 1906 मध्ये वडील, 1912 मध्ये भाची, 1914 मध्ये उजवा हात असलेला सहकारी बेरेंगेर, 1918 मध्ये गुएल. गौदीने बाकीची कामं सोडली आणि फक्त चर्च धरलं. तो छानछोकीचा तरुण आता ओळखू येत नव्हता. विटलेला कोट, जुने बूट. जेवण शाकाहारी आणि अगदी थोडं, कोशिंबिरीची पानं, सुकामेवा, फळं. रोज कामावर, आणि संध्याकाळी पायी दुसऱ्या एका चर्चला प्रार्थनेला. पैसे कमी पडले की स्वतः लोकांकडे देणगी मागायला जायचा. शेवटचे काही महिने तर तो साइटवरच्या वर्कशॉपमध्येच राहायला आला होता. स्वभावाने हट्टी. 1924 मध्ये कॅटलानवर सरकारी दडपण असताना पोलिसांशी तो कॅटलानमध्येच बोलला, स्पॅनिश बोलेना, म्हणून 72 वर्षांच्या म्हाताऱ्याला काही तास कोठडीत ठेवलं. मातृभाषेत लेख लिहिताना माझी जी तारांबळ उडतेय ती बघता, हे वाचून मला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

7 जून 1926. नेहमीसारखा तो संध्याकाळी चालत निघाला होता. रस्ता ओलांडताना ट्रामने धडक दिली. खिशात ओळखपत्र नाही, कपडे भिकाऱ्यासारखे. टॅक्सीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी गरिबांच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. ज्याने हे शहर बदललं त्याला शहराने ओळखलं नाही! दुसऱ्या दिवशी ओळख पटली तेव्हा उशीर झाला होता. 10 जूनला तो गेला. अंत्ययात्रेला मात्र सगळं शहर लोटलं होतं. तो त्याच चर्चच्या तळघरात विसावला आहे. मनोऱ्यांपैकी फक्त एक त्याने पूर्ण झालेला पाहिला होता, तोही मरणाच्या सहा महिने आधी.

1936 मध्ये यादवी युद्धात वर्कशॉप जळालं, ड्रॉइंग्ज गेली, प्लास्टरची मॉडेल्स फुटली. पण तुकडे लोकांनी जपून ठेवले. ते जुळवून, त्यातली भूमिती शोधून काम पुढे चाललं. पुढे विमानांच्या डिझाइनसाठी वापरतात ते सॉफ्टवेअर त्यासाठी आणावं लागलं. 30 ऑक्टोबर 2025 ला हे चर्च जगातलं सगळ्यात उंच चर्च झालं. मधला मनोरा 172.5 मीटरचा ठरवलेला. शहरातल्या मोंजुइक टेकडीपेक्षा जरा कमी, कारण देवाने केलेल्यापेक्षा माणसाने केलेलं उंच नसावं, अशी गौदीची इच्छा. 2026 मध्ये त्याला जाऊन 100 वर्षं होतात.

मित्रांनो, गौदी होणं आपल्याला जमणार नाही, आणि जीटी आजपासून बंद असंही मी म्हणत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री माझा स्वतःवरच विश्वास नाही! पण त्या दिवशी लायब्ररीतून परत आल्यावर मी शीट पुन्हा उघडली. वरच्या मजल्यावरचा तो खांब खालच्या मजल्यावर शोधला. खाली खांबच नव्हता, तुळईसुद्धा नव्हती. माझा खांब दिवाणखान्याच्या मधोमध, नुसत्या स्लॅबवर उभा होता. सिनिअरनेही तो कुणाच्या तरी शीटवरून उचलला असणार. किती बॅचेस तो असाच अधांतरी उभा आहे कोण जाणे...

नवीन शीट बोर्डावर लावली आहे. खांब भिंतीच्या कोपऱ्यात घेतलाय, खाली पायापर्यंत. वजन वरून खाली कसं उतरतं ते बोटाने फिरवून पाहिलं. एवढं करायला तीन दिवस लागले. उद्या सरांना दाखवायला जाणार आहे.