राष्ट्राचे कारभारी यशवंतराव

नाशिकहून निघून त्र्यंबकेश्वर मागे टाकले, म्हणजे डोंगरदऱ्यांतून जाणारी वाट हरसूलला पोहोचते. गुजरातची हद्द येथून जवळच आहे. भोवतालच्या पाड्यांवरील कोकणा, वारली व महादेव कोळी लोक नागली, वरई आणि भात पिकवितात, आणि मीठमिरची, कापडचोपड घेण्यासाठी हरसूलच्या बाजाराला येतात. पन्नास वर्षांपूर्वी अशा डोंगरी पाड्यांवर विजेचे दिवे क्वचितच दिसत. दिवेलागणीला रॉकेलची चिमणी लागे. तिच्यातले तेल कोठून येते, याचा विचार करण्याचे कारण कोणाला पडत नसे. परंतु ऑक्टोबर १९७३ मध्ये हजारो मैल दूर, पश्चिम आशियात युद्ध पेटले. अरब राष्ट्रांनी खनिज तेलाचा पुरवठा आखडता घेतला. जे तेल पिंपामागे सुमारे तीन डॉलरला मिळे, त्याला काही महिन्यांतच अकरा डॉलरहून अधिक मोजावे लागू लागले. भारताला लागणाऱ्या तेलाचा मोठा भाग परदेशातून येत असे. परदेशातील ते भांडण अशा रीतीने चिमणीच्या वातीपर्यंत येऊन पोहोचले.

त्या वेळी देशाची तिजोरी ज्यांच्या हाती होती, ते अर्थमंत्री म्हणजे यशवंतराव बळवंतराव चव्हाण. नाशिकला ते परके नव्हते. दहा वर्षांपूर्वी नाशिकनेच त्यांना लोकसभेवर बिनविरोध निवडून दिले होते.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील लवकर वारले. आई विठाबाई यांनी कष्ट करून मुलांना वाढविले. पैशाची चणचण म्हणजे काय, हे यशवंतरावांना अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून शिकावे लागले नाही. कराडच्या शाळेत असतानाच ते स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले आणि त्यांना कारावास भोगावा लागला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि पुण्यास त्यांनी कायद्याचा अभ्यास पुरा केला. १९४२ च्या लढ्यात त्यांनी भूमिगत राहून काम केले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतरावच झाले.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे सैन्य हिमालयाच्या सीमेवरून आत घुसले आणि आपल्या सैन्याला माघार घ्यावी लागली. देश खिन्न झाला होता. अशा वेळी पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीस बोलावून संरक्षणखाते त्यांच्या हाती दिले. जवानांना गरम कपडे हवे होते, डोंगरी रस्ते हवे होते, विमाने हवी होती. या सर्वांना पैसा लागतो; आणि जी वस्तू आपल्याकडे होत नाही, तिच्यासाठी दुसऱ्या राष्ट्राकडे जावे लागते. १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेला गेले, पण हवी होती ती लढाऊ विमाने तेथे मिळाली नाहीत. मग ते रशियाला गेले. रशियाच्या मदतीने मिग विमाने भारतातच बांधण्याचा उद्योग उभा राहिला, आणि त्याचा एक कारखाना नाशिकजवळ ओझर येथे सुरू झाला. विमान विकत घेणे आणि ते बांधण्याची विद्या घेणे, यांत मोठाच फरक आहे. पहिल्या गोष्टीत पैसा जातो. दुसऱ्या गोष्टीत तो जातोच, पण आपल्या मुलांच्या हाती कसब येते.

१९७० मध्ये यशवंतराव अर्थमंत्री झाले. लवकरच त्यांच्यापुढे असा प्रश्न उभा राहिला, की ज्याचे उत्तर कोणत्याही हिशेबाच्या वहीत नव्हते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, लष्कराने लोकांवर भयंकर जुलूम केला. जीव वाचविण्यासाठी सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. आपल्याच घरी अन्नाची ओढ असताना दारी आलेल्या एवढ्या लोकांना काय वाढावयाचे? त्यांना परत लोटणे शक्य नव्हते आणि तसे करणे शोभलेही नसते. सरकारने नवे कर बसविले. त्यांतील एक तर अगदी लहान होता. नोव्हेंबर १९७१ पासून पत्राच्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावावे लागे. त्यावर निर्वासितांच्या साहाय्याचा उल्लेख असे. देशाची टपाल तिकिटे तेव्हा नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातच छापली जात. घरातले कोणी मामाला पत्र लिहीत असले, तरी त्यातले पाच पैसे परक्या देशातून आलेल्या एखाद्या मुलाच्या भाकरीकडे जात. माझ्या मते, राष्ट्राचे परराष्ट्रधोरण इतक्या साध्या रूपात लोकांच्या हाती क्वचितच आले असेल.

डिसेंबरात युद्ध झाले. अमेरिकेने आर्थिक मदत थांबविली आणि आपल्या युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडल्या. रशियाशी मात्र ऑगस्टमध्येच मैत्रीचा करार झाला होता. भारत विजयी झाला आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. पण तिजोरीवर ताण पडला. त्यातच १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या अर्थसंकल्पात यशवंतरावांना ५५० कोटी रुपयांची तूट दाखवावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेल भडकले. खते, वाहतूक, धान्य, सारेच महाग झाले. वर्षभरात किमती सुमारे एक चतुर्थांशाने वाढल्या.

आता काय करावे? नोटा छापणारा सरकारी छापखानाही नाशिकरोडलाच आहे. मग जास्त नोटा छापून का वाटू नयेत, असे एखाद्याला वाटेल. पण बाजारात धान्याची पोती तेवढीच राहिली आणि लोकांच्या हाती नोटा दुप्पट आल्या, तर पोत्याची किंमतच दुप्पट होते. म्हणून जुलै १९७४ मध्ये सरकारने उलट मार्ग धरला. नोकरदारांची पगारवाढ आणि वाढीव महागाईभत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेव म्हणून ठेवून घेतला. लोक रागावले, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता; महागाईत पगार अडकला, की घर चालविणाराच जाणे. परंतु पुढे किमती खाली आल्या. त्याच वर्षी मुंबईनजीकच्या समुद्रात आपल्याला स्वतःचे तेल सापडले, हेही खरे.

ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले. ज्या अमेरिकेने तीन वर्षांपूर्वी मदत थांबविली होती, तिच्याशीच त्यांनी त्या महिन्यात व्यापार आणि विज्ञान यांसाठी संयुक्त आयोगाचा करार केला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत आणखी एका करारावर त्यांची सही झाली. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, पण पोर्तुगाल ते मान्य करीत नव्हता. १९७४ मध्ये तेथील हुकूमशाही कोसळली, आणि नव्या सरकारने गोव्यावरील भारताची सत्ता कबूल केली. तेरा वर्षांचे वैर एका सहीने मिटले. १९७६ मध्ये भारताने चीनमध्ये पुन्हा राजदूत पाठविला. चीनशी लढण्यासाठी ज्यांना दिल्लीस बोलावले होते, त्यांनीच चौदा वर्षांनी बोलण्याचे दार उघडले.

याच काळात, १९७५ मध्ये, देशात आणीबाणी आली आणि विरोधी पक्षांच्या अनेक पुढाऱ्यांना तुरुंगात टाकण्यात आले. स्वातंत्र्यासाठी स्वतः तुरुंग सोसलेले यशवंतराव तेव्हा मंत्रिमंडळातच राहिले. ही गोष्ट त्यांच्या अनेक चाहत्यांना खटकली.

१९७७ नंतर ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले आणि १९७९ मध्ये काही काळ उपपंतप्रधानही होते. १९८३ मध्ये पत्नी वेणूताई वारल्या. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या बालपणाची व तरुणपणाची हकीकत लिहिली आहे. दिल्लीतील कारभाराची कथा मात्र लिहावयाची राहून गेली. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडला कृष्णा आणि कोयना या नद्या जेथे समोरासमोर येऊन मिळतात, तेथे प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.