हरिदासाचा मुलगा : पं. विष्णु दिगंबर पलुसकर



मागल्या सप्ताहात आमच्या पालम गावी काकडा आटोपल्यावर एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्यापाशी आले. पोराचा गळा गोड. टाळकऱ्यांत उभा राहून चाल म्हणतो, आणि आता गंधर्वच्या प्रवेशिका परीक्षेस बसणार म्हणतो. बापाचं म्हणणं एकच : गाण्यानं पोट भरत नाही, मान तर त्याहून मिळत नाही, महाराज, याला समजवा. आम्ही समजावलं, पण बापाला. ज्यांच्या खटपटीतून त्या परीक्षा आल्या, त्यांचे चरित्र त्यास सांगितले. तेच येथे लिहितो.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. आपले कीर्तन वारकरी फडाचे, त्यांचे हरिदासी परंपरेचे. पण उभे राहायचे ते देवापुढेच. असे हे हरिदासाचे घर. बालपणीच नरसोबाच्या वाडीच्या उत्सवात दारूकाम उडाले आणि मुलाचे डोळे भाजले. दृष्टी कायमची अधू झाली, शाळा सुटली. पुस्तक मिटले तेव्हा गळा तेवढा राहिला.

मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविली ती त्यांनी. त्यांच्यापाशी विष्णुबुवा सुमारे नऊ वर्षे शिकले. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय होता, खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण एक प्रसंग सांगतात. गावात प्रतिष्ठितांची सभा भरली. विष्णुबुवांस बोलावणे आले, गुरूंस आले नाही. कारण विचारता कळले की गवयाला कोण बोलावतो! हा शब्द त्यांच्या काळजात रुतला. राजाची मर्जी म्हणून आपल्याला मान, आणि ज्याने विद्या दिली त्याला दारही बंद, हे कसलं जिणं? १८९६ साली त्यांनी आश्रय सोडला व बाहेर पडले.

काठियावाड, ग्वाल्हेर, दिल्ली, पंजाब असा प्रवास झाला. दरबारावर अवलंबून न राहता तिकीट लावून लोकांपुढे गाण्याची वाट त्यांनी पाडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले. आरंभी शिकायला कोणीच येईना. म्हणतात की बुवा रोज वेळेवर वर्गात बसत, तंबोरा जुळवीत आणि एकटेच गात. बाबांनो, रिकाम्या मंडपात उभे राहून कीर्तन करून पाहा, म्हणजे हे धैर्य केवढे ते कळेल! पुढे विद्यार्थी आले. स्वरलिपी बसविली, पुस्तके छापली. चिजांतील उथळ शृंगाराचे शब्द काढून भक्तीची पदे घातली, म्हणून गृहस्थाच्या घरी गाणे निःसंकोच शिरले.

१९०८ साली मुंबईस विद्यालय निघाले. जवळ ठेवून घेतलेल्या शिष्यांना अन्न, वस्त्र आणि विद्या तिघांचीही सोय बुवांकडे. स्वतःची इमारत उठविली ती कर्ज काढून. ते फेडायला गावोगाव जलसे केले, पण १९२४ साली सावकारांनी इमारत लिलावात काढली. जन्माची कमाई गेली. घरातही दुःख थोडे नव्हते. एकामागून एक अपत्ये गेली, दत्तात्रेय हा एकच मुलगा उरला.

येथे आम्हांस थांबावेसे वाटते. एवढे गेल्यावर माणूस कडू होतो. बुवांनी भगवी वस्त्रे धारण केली होती. नाशकास त्यांचा रामनाम आधाराश्रम होता. रामायणाची प्रवचने, रामनामाचा गजर, हेच गाणे झाले. रघुपती राघव या रामधुनीची देशभर गाजलेली चाल त्यांचीच म्हणून सांगतात. हरिदासाचा मुलगा फिरून हरिदासाच्याच जागी आला.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. आमच्याकडची पोरं परीक्षा देतात ती त्याचीच. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर मास्तर असे शिष्य झाले. दहा वर्षांचा दत्तात्रेय पोरका झाला, पण गुरुबंधूंनी त्याला तयार केले. डी. व्ही. पलुसकर म्हणून तोही थोर गायक झाला. दुर्दैवाने १९५५ साली, ऐन चौतिशीत गेला.

आम्ही पाठशाळेत असताना पेटीवर बसलो म्हणून बोल खाल्ले आहेत. व्याकरण सुटेल, पोरगा नादी लागेल, असं ऐकावं लागलं. त्यामुळे त्या बापाचं भय आम्हांस परकं नाही. त्याला इतकंच सांगितलं : इमारत लिलावात जाते, विद्या जात नाही. पोराला शिकू द्या. मात्र तंबोरा जुळविताना तो कोणापुढे गायचा आहे, हे त्याला विसरू देऊ नका.

बाप काही बोलला नाही. संध्याकाळी हरिपाठाला पोरगा टाळ घेऊन पहिल्या ओळीत उभा होता, आणि बाप त्याच्या मागे.

रामकृष्णहरि!