टिळकांचा ‘मी’



शाळेत आपल्याला रेव्हरंड नारायण वामन टिळक भेटले ते फुलांमुलांचे कवी म्हणून. कविता पाठ झाली, मार्क मिळाले, विषय संपला. यंदा हिवाळ्यात लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आम्ही घरी पुन्हा वाचले, आणि कळले की या माणसाचे खरे भांडण स्वतःच्या ‘मी’शी होते.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन घरातला. बुद्धी तल्लख, स्वभाव तापट, एका नोकरीत पाय ठरत नसे. जातिभेद पटेनासा झाला तेव्हा त्यांनी काय ठरवावे? स्वतःच नवा धर्म काढायचा! (आमच्या आयटीत असे वीर रोज भेटतात. आधीचा कोड न वाचताच नवा लिहायला बसतात.)

पुढे आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थबकले. स्वतःला शेवटचा मानावे, शत्रूवरही प्रेम करावे, ही शिकवण ‘मी’ला परवडणारी नाही. धर्म स्थापायला निघालेला माणूस शिष्य व्हायला तयार झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण याची किंमत? लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन चारपाच वर्षे वेगळ्या राहिल्या. आमच्या मते ही किंमत टिळकांपेक्षा त्यांनीच जास्त भरली, तीही त्यांना न विचारता. देवावरचे प्रेम कुठे संपते आणि स्वतःचा हट्ट कुठे सुरू होतो, यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर बरीच वादावादी झाली. निकाल लागला नाही. लक्ष्मीबाई मात्र पुढे स्वतः विचार करून, सर्वांच्या हातचे पाणी पिऊ लागल्यावर, १९०० साली ख्रिस्ती झाल्या.

नगरला टिळकांनी ‘ज्ञानोदया’त लिहिले, ख्रिस्तावर अभंग रचले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. पुन्हा काहीतरी स्थापन केलेच म्हणा! पण या वेळी दरबार टिळकांचा नव्हता.

९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी.