विश्वेश्वरय्यांनी हैदराबादचा पूर कसा आवरला?

१५ सप्टेंबर आला की आपल्या स्टेटसवर एक फोटो हमखास दिसतो. डोक्यावर म्हैसुरी फेटा, अंगात कोट, चेहरा एकदम शिस्तीचा. खाली लिहिलेलं असतं, हॅपी इंजिनिअर्स डे. सोबत ती रेल्वेची गोष्टही फिरते, रुळांच्या आवाजावरून त्यांनी रूळ तुटलाय हे ओळखलं वगैरे. ती गोष्ट आज बाजूला ठेवू. कारण या माणसानं जे काम खरोखर केलं, ते तुमच्या फोनवर दर पावसाळ्यात येणाऱ्या एका मेसेजशी थेट जोडलेलं आहे. धरणातून इतके क्यूसेक विसर्ग, नदीकाठच्यांनी सतर्क राहावं, असा तो मेसेज.

हा आकडा कुठून येतो, पाणी कोण आणि का सोडतं, आणि शहर बुडणार की वाचणार हे कशावर ठरतं? मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या आयुष्याची गोष्ट वाचली की हे सगळं समजतं.

पुण्यात शिकलेला मुलगा

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा, आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी गावातला. वडील लवकर गेले. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या घेऊन त्यांनी खर्च भागवला. पुढे म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि ते इंजिनिअरिंगसाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सला आले. हेच कॉलेज आपण आज सीओईपी म्हणून ओळखतो. १८८३ मध्ये ते परीक्षेत पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले.

म्हणजे त्यांच्या करिअरची पहिली जवळपास २४ वर्षं आपल्याच भागात गेली. नाशिक, खानदेश, पुणे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, तर तिथल्या सक्करचं पाणीपुरवठ्याचं कामही त्यांनी केलं. सिंधू नदीचं पाणी गढूळ, आणि फिल्टर प्लांटला पैसे कमी. तेव्हा नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूतून आपोआप गाळलं गेलेलं पाणी उचलायचं, असा मार्ग त्यांनी काढला. जे हाताशी आहे त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं, ही त्यांची सवय पुढेही दिसते.

खडकवासल्याचे ‘स्मार्ट’ दरवाजे

पुण्याजवळचं खडकवासला धरण तेव्हा लेक फाइफ या नावानं ओळखलं जायचं. दर पावसाळ्यात धरण भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. सांडवा म्हणजे जादा पाण्याला बाहेर जायला मुद्दाम ठेवलेली वाट. पाणी तर हवं होतं, पण भिंत उंच करणं महाग आणि धोक्याचं.

सोपा उपाय म्हणजे सांडव्यावर दरवाजे बसवायचे. आता इथे खरी अडचण येते. रात्री दोनला मोठा पूर आला आणि दरवाजे उघडले गेले नाहीत तर पाणी भिंतीवर चढणार आणि धरणच धोक्यात. मुसळधार पावसात, अंधारात, कुणीतरी वेळेवर पोचून दरवाजे उचलेल, या भरवशावर धरण चालवता येत नाही.

विश्वेश्वरय्यांनी दरवाजांना वजनांनी तोलून धरलं. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की त्या पाण्यामुळेच तोल बदलायचा आणि दरवाजे उघडायचे. पातळी उतरली की पुन्हा बंद. घरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. टाकी भरली की तो नळ बंद करतो. इथे उलटं, भरलं की उघडतं. वीज नाही, मोटर नाही, ऑपरेटर नाही. पाणीच सेन्सर आणि पाणीच मोटर. आज आपण ज्याला फीडबॅक कंट्रोल म्हणतो, ते १९०३ मध्ये खडकवासल्यावर चालू झालं. त्यामुळे सुमारे आठ फूट जास्त पाणी साठवता येऊ लागलं. या डिझाइनचं पेटंटही त्यांच्या नावावर आहे, आणि पुढे कृष्णराजसागर धरणावरही असेच दरवाजे बसले.

२८ सप्टेंबर १९०८

१९०८ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि परदेशातली कामं पाहायला युरोपच्या दौऱ्यावर गेले. त्याच काळात इकडे हैदराबादवर संकट कोसळलं.

हैदराबाद मुसी नदीच्या दोन्ही काठांवर वसलंय. एरवी मुसी म्हणजे लहानशी नदी. पण त्या सप्टेंबरच्या शेवटी पाणलोट क्षेत्रात भयानक पाऊस झाला. शहराजवळच्या शमशाबादला २४ तासांत सुमारे ३२ सेंमी पावसाची नोंद आहे. २८ तारखेला नदी शहरात शिरली. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाट पूल तुटले. हजारो घरं पडली. मृतांचा आकडा साधारण १५,००० सांगितला जातो, आणि बेघर झालेले तर त्याच्या कितीतरी पट. अफजलगंज भागात एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात आजही जपून ठेवलंय.

निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावणं धाडलं. १९०९ मध्ये ते हैदराबादला पोचले. काम दोन भागांत होतं. शहर पुन्हा उभं करायला मदत करायची, आणि असा पूर परत येऊ नये याची योजना द्यायची.

आधी डेटा, मग डिझाइन

लोकांना वाटत होतं, पाऊस जास्त झाला, पूर आला, विषय संपला. त्यांनी मात्र मोजायला सुरुवात केली. कुठल्या ठिकाणी किती पाऊस पडला? पाण्याच्या खुणा कुठवर आहेत? शहराच्या वरच्या बाजूला काय काय आहे?

तिथे एक विलक्षण गोष्ट समोर आली. मुसीच्या वरच्या सुमारे ८६० चौरस मैल क्षेत्रात तब्बल ७८८ लहानमोठे तलाव होते. म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. एरवी हे तलाव शेतीचा जीव. पण त्या पावसात त्यातले २२१ तलाव फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्या तलावावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. सॉफ्टवेअरमध्ये एक सर्व्हर पडला की त्याचा लोड शेजारच्यावर जातो, मग तोही पडतो. आम्ही त्याला कॅस्केडिंग फेल्युअर म्हणतो. हैदराबादला ते मातीच्या बांधांचं झालं होतं.

पुराच्या शिखराला मुसीतून सुमारे सव्वाचार लाख क्यूसेक पाणी गेलं असावं असा हिशोब निघाला. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १.२ कोटी लिटर पाणी, तेही भर वस्तीतून.

दोन तलावांची युक्ती

इतकं पाणी शहरातून सुखरूप न्यायचं तर पात्र किती रुंद करणार? दोन्ही बाजूंना वस्ती, बाजार, इमारती. म्हणून विश्वेश्वरय्यांनी उत्तर शहराच्या बाहेर, वरच्या अंगाला शोधलं. एक धरण मुसीवर आणि दुसरं तिची उपनदी ईसीवर. दोन्ही शहराच्या आधी.

हे कसं चालतं, ते एका हिशोबानं बघा. समजा नदीतून तासाला १०० युनिट पाणी सहा तास येतंय. एकूण ६००. शहराला फक्त ३० युनिट झेपतात. मध्ये रिकामा तलाव असेल तर तो पाणी पोटात घेतो आणि तासाला ३० याप्रमाणे वीस तास सोडत राहतो. एकूण तेच ६००. पाणी कमी झालं नाही, फक्त वेळेत पसरलं. व्हिडिओ बघताना बफर जे करतो तेच, फक्त इथे चुकलं तर व्हिडिओ अडकत नाही, माणसं जातात.

त्यांच्या योजनेत फक्त धरणं नव्हती. नदीकाठ उंच करणं, भिंती बांधणं, काठावर बागा आणि रस्ते करणं आणि शहराला नीट ड्रेनेज देणं, हे सगळं त्यात होतं. काठावर बाग असली की पूर आल्यावर बाग बुडते, घर बुडत नाही. हा साधा विचार आजही अनेक शहरांना जमलेला नाही.

त्यांनी १९०९ मध्येच अहवाल दिला आणि ते म्हैसूरला चीफ इंजिनिअर म्हणून गेले. योजना पुढे हैदराबादच्या इंजिनिअर्सनी आणि निजाम मीर उस्मान अली खान यांच्या सरकारनं प्रत्यक्षात आणली. गंडीपेटचा उस्मान सागर १९२० मध्ये तयार झाला, हिमायत सागर १९२७ मध्ये. ड्रेनेजच्या कामासाठी विश्वेश्वरय्या १९२० च्या दशकात पुन्हा हैदराबादला आले होते. दरम्यान म्हैसूरचं दिवाणपद (१९१२ ते १९१८) आणि कृष्णराजसागर धरण ही कामंही त्यांच्या नावावर जमा झाली. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

पण बफर रिकामा हवा

आता या गोष्टीतली अवघड बाजू. पूर अडवायला तलाव रिकामा लागतो. पिण्याला पाणी हवं तर तलाव भरलेला लागतो. उस्मान सागर आणि हिमायत सागर पुढे शहराची तहान भागवू लागले, म्हणजे एकाच भांड्याकडून दोन उलट्या अपेक्षा. किती भरायचं आणि किती जागा मोकळी ठेवायची, हा निर्णय दर पावसाळ्यात घ्यावाच लागतो. धरण शंभर टक्के भरलं की आपण खूश होतो, पण त्या क्षणी त्याची पूर झेलायची ताकद जवळपास शून्य असते.

बांधलेल्या गोष्टीलाही मर्यादा असते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं काम चालू असलेलं धरण फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आला आणि तेही धरण फुटलं. पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसले, तेच हे धरण. दरवाजे ठराविक पुरासाठी असतात. वरचं अख्खं धरण अंगावर येईल, हे कोणत्याच सांडव्याच्या हिशोबात नसतं. तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते, शंभरीच्या उंबरठ्यावर. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

हैदराबादनं १९०८ सारखा मुसीचा प्रलय पुन्हा पाहिला नाही. पण ऑक्टोबर २०२० मध्ये शहराच्या काही भागांत २४ तासांत ३० सेंमीच्या वर पाऊस झाला, कॉलन्या बुडाल्या, कितीतरी लोक गेले. कारण हा पाऊस थेट शहरावर पडला होता, दोन तलावांच्या खालच्या बाजूला. तिथले जुने तलाव आणि नाले बांधकामांनी आक्रसले होते. १९०८ मध्ये तलाव फुटले म्हणून शहर बुडालं, २०२० मध्ये तलावांची जागाच उरली नव्हती म्हणून. वरच्या दोन मोठ्या तलावांभोवती १० किमीपर्यंत बांधकामावर १९९६ पासून कडक बंधनं होती. २०२२ मध्ये राज्य सरकारनं ती उठवण्याचा आदेश काढला.

आता तुमच्या फोनवर

पुण्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकराला पाठ असतं. तुमच्या गावातही अशी एखादी खूण असेल. ती शोधून ठेवा. विसर्गाच्या मेसेजमध्ये तीन गोष्टी बघा: किती क्यूसेक, किती वाजता सोडलं, आणि आधीपेक्षा वाढतंय की कमी होतंय. केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत, ही दोन्ही अॅप फुकट आहेत. पावसाळ्याआधी टाकून ठेवा, आणि घरातल्या मोठ्यांच्या फोनवरही टाकून द्या.

आणि घर बघायला जाल तेव्हा ती जागा आधी नाला, तलाव किंवा नदीपात्र होती का, हे जुन्या नकाशावर तपासा. विश्वेश्वरय्यांनी हैदराबादला आल्यावर नेमकं हेच आधी केलं होतं. पाणी कुठून येतं आणि थांबायला त्याला जागा कुठे आहे, हे पाहिलं.