तंजावरचे अन्नदाते सरफोजी महाराज

कुंभकोणमहून दक्षिणेस मन्नारगुडीकडे निघाले की थोड्याच अंतरावर साक्कोट्टै हे गाव लागते. तेथे अमृतकलशनाथ या नावाने श्रीशंकर विराजमान आहेत. प्रलयकाळी वाहत आलेल्या अमृतकुंभाशी स्थानिक कथा या स्थानाचा संबंध जोडते. याच वाटेने पुढे नीडामंगलम् येते, आणि तेथे यमुनांबा राणीच्या नावाचे छत्र आहे. कावेरीकाठच्या या प्रांतात तंजावरच्या भोसले राजांनी व त्यांच्या राण्यांनी अशी अनेक छत्रे बांधली, त्यांना गावे व जमिनी लावून दिल्या. ती मोडू नयेत म्हणून ज्यांनी जिवापाड खटपट केली, त्या सरफोजी महाराजांचे हे अल्प चरित्र.

महाराजांचा जन्म १७७७ साली झाला. तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये देहत्यागापूर्वी त्यांना दत्तक घेतले; परंतु अमरसिंहांनी गादी बळकावली. बालपणीच्या संकटात ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्त्झ यांनी त्यांचा सांभाळ केला. १७९८ मध्ये गादी मिळाली खरी, पण दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. महाराजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षास एक लक्ष होन व वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

राज्य गेल्याचे दुःख कोणास होत नाही? परंतु १८०१ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटास जे पत्र धाडले त्यात मुख्य काळजी छत्रांची होती. ती आपल्याच हाती राहावीत, त्यांच्या उत्पन्नास धक्का लागू नये, एवढेच त्यांचे मागणे. तेथे काय चाले, हेही त्यांनी तपशिलाने कळविले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्यास अन्न मिळे. शिजलेले न चालणाऱ्यास कोरडा शिधा देत. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, अशी हाक देत. आजारी वाटसरूस बरे वाटेपर्यंत औषध व पथ्य मिळे. सर्पदंशावर उपचार करणारे वैद्यही असत. तान्ह्या मुलांना दूध दिले जाई, आणि छत्रात बाळंत झालेल्या स्त्रीस तीन महिने राहू देत. पोरक्या मुलांस दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांनी अभ्यंग, वस्त्र आणि आवडेल ती विद्या. पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी. ज्यास कोणी नाही त्याचा अंत्यविधीदेखील होई.

या पंक्तींत जातिभेद अगदीच नव्हता असे म्हणता येणार नाही. शिध्याची सोय त्याचीच साक्ष देते. तरी भुकेल्यास दारातून परत पाठवावयाचे नाही, हा नियम त्या काळी लहान नव्हता. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी परतफेडीची आशा न ठेवता दिलेल्या दानास सात्त्विक म्हटले आहे. परगावच्या अनोळखी बाळंतिणीकडून कोणती परतफेड यावयाची? या छत्रांमुळे तंजावरास धर्मराज्य म्हणत, आणि तेच नाव महाराजांना आपल्या सर्व बिरुदांहून थोर वाटे.

छत्रे त्यांच्याकडेच राहिली. पुढे १८०२ च्या सुमारास आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने त्यांनी ओरत्तनाडु येथे नवे छत्र उभारले. ते रामेश्वराच्या यात्रामार्गावर असल्याने तेथे उत्तरेकडील यात्रेकरूंचीही सोय होई. त्यास जोडून पाठशाळाही होती. तीत संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू, फारसी व इंग्रजी शिकवीत. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे महाराज विद्वानांत प्रसिद्ध आहेत, आणि ते योग्यच. परंतु आमच्या मते त्यांची खरी पोथी या स्वयंपाकघरांत लिहिली गेली.

१८२० मध्ये ते मोठ्या परिवारासह काशीयात्रेस गेले व सुमारे दोन वर्षांनी परतले. १८३२ मध्ये त्यांनी इहलोक सोडला. पुत्र शिवाजीराजे १८५५ साली निवर्तले, तेव्हा कंपनीने तंजावरचे उरलेसुरले राज्यही खालसा केले. छत्रांची व्यवस्था प्रथम सरकारी अधिकाऱ्यांकडे व नंतर जिल्हा मंडळाकडे गेली.